केस थोडे पांढरे करा

परळला आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी केक करते. क्रीमचे केक सगळेच करतात, माझ्याकडे लोक येतात ते फॉन्डंटसाठी. फॉन्डंट म्हणजे साखरेचा मऊ मळलेला गोळा. लाटून केकवर अंथरायचा, आणि उरलेल्याची फुलं, बाहुल्या करायच्या. बाहुल्यांवर माझा हात बसलाय. एकदा निवृत्त होणारे एक आजोबा पेपर वाचताना केले होते, तर त्यांच्या सुनेने फोन करून सांगितलं, "सासरे स्वतःलाच कापायला तयार नव्हते."

त्यानंतर काही महिन्यांनी अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतून एक बाई आल्या. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठ्या, ऑफिसची पर्स खांद्याला. त्यांनी एक फोटो पुढे केला. चौकड्याचा शर्ट घातलेला एक माणूस उन्हात डोळे बारीक करून हसत होता.

"मुलीला अठरावं लागतंय. केकच्या कडेवर तिचे बाबा बसलेले हवेत. असे, पाय खाली सोडून."

"किती छान हसतायत. साहेब कुठे असतात?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. मग शांतपणे सांगत गेल्या. नवरा माझगावच्या गोदीत कामाला होता. एका सकाळी डबा घेऊन निघाला तो कामावर पोचलाच नाही. पोलीस झाले, हॉस्पिटलं झाली, गावाला माणसं पाठवून झाली. ना माणूस, ना काही खूण. गळ्यातलं मंगळसूत्र त्यांनी काढलेलं नव्हतं.

चपला घालताना त्या थांबल्या. "ताई, फोटो अकरा वर्षांपूर्वीचा आहे. केस थोडे पांढरे करा. आता त्रेपन्न वर्षांचे असतील ते."

मी हो म्हणून बसले. त्या हो म्हणण्यात काय काय येतं ते कामाला बसल्यावर कळलं.

शर्ट, पँट, हात, पाय दोन दिवसांत वाळले. चेहरा होईना. आधी फोटोतला तरुण चेहरा केला आणि त्यावर वय चढवायला घेतलं. कपाळावर सुरीची पाठ टेकवली की एक आठी पडायची. गालाला अंगठ्याने जरा दाबलं की गाल आत जायचा. पण किती दाबायचं? हा माणूस अकरा वर्षं कुठे झोपला असेल, त्याला वेळेवर जेवण मिळालं असेल का, त्याला कोणी नावाने हाक मारतं का, हे सगळं माझा अंगठा ठरवत होता. मी जरा जास्तच दाबला. नंतर गाल भरून काढता आला असता, पण काढला नाही. तो चेहरा मला खरा वाटला.

वाळायला त्याला फळीवर बसवला. सासूबाई दुपारी उठल्या आणि दारातच थबकल्या.

"ह्यो कोण गो बसलो हा थंय? माका बघून कसातरी होता."

मी त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. पण पाठमोरा तो जास्तच जिवंत वाटायला लागला. परत वळवला.

वाढदिवसाला केक मीच पोचवला. मुलगी पुढे आली, वाकून बघितलं, हसली.

"हे कोण?"

"बाबा," आई म्हणाली.

"बाबा असे नव्हते."

मग मुलीने केकची दुसरी बाजू कापली. सगळ्यांनी खाल्लं. त्याच्या बाजूचा तुकडा कोणी घेतला नाही.

आठवड्याने बाईंचा फोन आला. "ताई, ह्यांना फ्रीजमध्ये ठेवलंय. बाहेर काढलं की चेहऱ्याला घाम फुटतो."

मी समजावलं, साखर आहे, आपल्या हवेत पाणी धरते, बाहेरच डब्यात ठेवा, पुसू नका, रंग जाईल.

"कळतं मला," त्या म्हणाल्या. "पण बघवत नाही ना. रुमालाने पुसते. एका डोळ्याचा रंग गेला थोडा."

पुढे महिन्याभराने एका सकाळी शिवाजी पार्कला केक द्यायला गेले होते. परतताना कट्ट्यावर एक माणूस बसलेला दिसला, पाय खाली सोडून. फोटोतला नव्हे. मी केला होता तो. तेच केस, तेच आत गेलेले गाल. त्याच्याशी बोलायचा धीर झाला नाही. घरी आले, दोन दिवस गप्प बसले, आणि तिसऱ्या दिवशी बाईंना फोन केला.

त्या रजा टाकून आल्या. आम्ही दोघी कट्ट्यावर बसून राहिलो. साडेआठच्या सुमारास तो कापडी पिशवी घेऊन आला. बाईंनी त्याच्याकडे एकटक पाहिलं. मग उठून गेल्या आणि विचारलं, "किती वाजले हो?" त्याने मोबाइल बघून सांगितलं. त्या परत आल्या.

"आवाज त्यांचा नाही."

मग म्हणाल्या, "बरं झालं. ते इतके थकले नसतील."

मला मान वर करून त्यांच्याकडे बघता आलं नाही. माफी मागायची होती, तोंडातून निघालं, "चहा घेऊ या?" आम्ही उभ्याने चहा घेतला. रजा असूनही त्या ऑफिसला निघून गेल्या.

आता मी चेहऱ्यांची ऑर्डर घेत नाही. जमत नाही म्हणून सांगते. पण दादरच्या बाजारात पांढऱ्या केसांचा माणूस समोरून आला की माझी नजर आधी त्याच्या गालांवर जाते. एकदोनदा मी चार पावलं त्याच्या मागोमाग गेलेयसुद्धा. मागच्या आठवड्यात असाच एक जण भाजीच्या गाडीपाशी वळला आणि म्हणाला, "कोणाला शोधताय का, बाई?"

मी नाही म्हटलं. तो तरीही क्षणभर उभा राहिला, मी अजून काही विचारेन म्हणून.