कुळगीच्या बंगल्यातली निळी फुलं

शेजारच्या सुपारीच्या बागेत मोरचूद-चुन्याची फवारणी सुरू झाली, की त्या वासानं मला कुळगीचा जंगलातला बंगला आठवतो. तरुणपणी तिथं मी माळी होतो. बंगल्यातल्या गोऱ्या साहेबांची लहान लेक तापानं गेली, तेव्हा मडमबाईंनी तिच्या थडग्याभोवती विलायतेहून मागवलेले आयरिसचे कंद लावले. उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांना निळी फुलं यायची.

एका वर्षी थंडीत दव फार पडलं. माघ सरता सरता पात्यांवर तपकिरी ठिपके दिसू लागले.

"बाईसाहेब, बुरशी हाय ही," मी म्हणालो. "पाती कापून जाळाय पायजेत, न्हाई तर कंद कुजतील."

"माझ्या मुलीच्या जवळ कात्री नको," त्या म्हणाल्या.

आठ दिवसांनी सकाळी मी दोन कंद उकरून त्यांच्या हातात दिले. दाबताच ते पिचले, घाण वास सुटला. त्यांनी ते खाली ठेवले. मग माझ्याकडून कात्री घेऊन ओल्या मातीत बसल्या आणि एकेक पातं स्वतः कापू लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबला नाही. मी पाती लांब नेऊन जाळली, वाफ्यावर मोरचूद-चुना शिंपडला.

फुलं पुढच्या साली आली. तोवर साहेबांची बदली झाली होती.

फुलांसाठी एवढं काय रडायचं, असं तेव्हा मला वाटलं होतं. माझी थोरली लेक गेल्यावर उमगलं. तापात मडमबाईंना मुलीसाठी काहीच करता आलं नव्हतं. त्या सकाळी करता आलं.