भाकर कोणाच्या हातची

मला चारचौघांत बोलता येत नाही. पारावर बसलो तरी ऐकत बसतो. लिहिण्याचीही सवय नाही. जन्मभर शिलाई मशीन चालवली. पण बंकट अजून चहाच्या टपरीवर उज्ज्वलाबद्दल वाटेल ते बोलतो आणि ऐकणारे माना डोलावतात. माझ्या डोक्याची शीर उठते. म्हणून लिहितो, जमेल तसं.

आमचं गाव तलवाड्याच्या अलीकडे. उज्ज्वला गावाच्या खालच्या अंगाला राहते. ख्रिस्ती आहे. नवरा शांतवन परळीला वीज केंद्राच्या राखेच्या गाड्या भरायचा. खोकून खोकून गेला. तेव्हा ती इथं सासऱ्याच्या घरी आली. सासरा दोर वळायचा, ही दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. लिहायवाचायला ती बायबल वाचतच शिकली. बोलणं फटकळ. तिच्या तोंडाला लागायला माणसं भितात.

माझ्या शेजारी ताराबाई. एकेकाळी यांची मेंढरं होती, आता मुलगा सुग्रीव बायकोला घेऊन ऊस तोडायला जातो. दिवाळी झाली की सगळी भावकीच ट्रॅक्टरवर बसते आणि मागं म्हातारी माणसं उरतात. जाताना सुग्रीव मला म्हणाला, "मामा, मायकडं ध्यान राहू द्या. पीठ भरून ठिवलंय." पीठ होतं, पण थापणार कोण? ताराबाईला नीट दिसत नाही, हात कापतात. मी एकटा माणूस, भात शिजवून खातो. भात तिच्या पोटाला लागत नाही.

उज्ज्वलाला हे कळलं तशी ती गरम भाकरी घेऊन आली. ताराबाईनं ताटलीकडं पाहिलंसुद्धा नाही. "तुमच्या हातचं आमी खात न्हाई बाई. ने माघारी."

मला वाटलं, आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार. ती ताटली उचलून माघारी गेली. दुसऱ्या दिवशी सरपण घेऊन आली, अंगण झाडलं, आणि उंबऱ्याबाहेर बसून मला म्हणाली, "मामा, या चुलीपाशी. तुमच्या हातचं चालतंय न्हवं तिला? मी सांगते तसं थापा."

"मला येत नाही ग."

"कोट शिवता आन् भाकर येत न्हाई? पाणी कोमट घ्या. आवो, आंघोळीला काढलंय का एवढं?"

असं रोज चाललं. माझ्या भाकरीला एका बाजूनं कोळसा, दुसरीकडून कच्चं पीठ. ताराबाई मुकाट चावायची. उज्ज्वलाबरोबर प्रार्थनेला येणारेच एक जण तिला म्हणाले, "जिथं स्वीकारत नाहीत तिथली धूळ झटकून निघावं, असं प्रभूनं सांगितलंय." ती म्हणाली, "दुसऱ्याचं पाय धुवायचं बी त्यानंच सांगितलंय. मला तेच जमतंय."

मी तिला एकदा विचारलं, एवढा अपमान कावून सोसतेस? खुरपं दगडावर घासत ती म्हणाली, "शांतवन गेला तवा मी प्रार्थनेला जायचं सोडलं. देवाला लई शिव्या दिल्या. दार लावून बसले. तरी देव माझ्या दारातून गेला न्हाई, मामा. मग मी कशी जाऊ?"

आणि मग बंकटला धर्म आठवला. बंकट म्हणजे बड्या शेतकऱ्याचा मुलगा, गावचा पुढारी. पारावर उभा राहून म्हणाला, "ती म्हातारीला बाटवायला निघालीय. आजपासून तिनं त्या घरात पाय ठेवायचा न्हाई. ताराबाईचा डबा माझ्या घरून येईल." टाळ्या पडल्या. पहिल्या दिवशी डबा आला, त्याचा फोटोही निघाला. तो पाहून मी निश्चिंत झालो आणि डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बीडला मुलीकडं गेलो.

चार-पाच दिवसांनी परत आलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशी उज्ज्वला उभी होती. ती रोज येऊन तिथूनच ओरडायची, "माय, जेवलीस का?" आणि आतून उत्तर यायचं, "जेवले." त्या सकाळी उत्तर आलं नाही. तिनं परत हाक मारली. मग माझ्याकडं पाहिलं आणि सरळ आत शिरली.

ताराबाई जमिनीवर पडली होती, अंगाखाली सगळी घाण. डबा फोटोनंतर एकदाही आला नव्हता. भुकेली म्हातारी मानापायी "जेवले" म्हणत राहिली होती. उज्ज्वलानं तिला उचललं, धुतलं, माझ्या धोतरात गुंडाळलं. मग मला म्हणाली, "मामा, पाणी तुमी पाजा."

माझं टाळकंच सरकलं. "घाण काढायला तुझा हात चालतो आणि पाणी पाजायला मी लागतो?"

"भांडण मागून करा. आधी पाणी."

तेवढ्यात बंकट दोघा-तिघांना घेऊन अंगणात आला. "कावून आत गेलतीस गं? सांगितलेलं कळत न्हाई?"

मी दारात येऊन उभा राहिलो. आतून ताराबाईचाच आवाज आला, चिरका. "बंकट, डबा कुठं हाय रं?"

बंकटनं मोबाईल कानाला लावला आणि बोलत बोलत निघून गेला. फोन आलाच नव्हता.

मी चूल पेटवली. उज्ज्वला उंबऱ्याबाहेर जाऊन बसली, नेहमीच्या जागी. ते पाहून मला रडू यायला हवं होतं, पण रागच आला. ताराबाईचा, गावाचा, हिच्या त्या शांतपणाचाही. रागानं थापलेली भाकर आणखीच वाकडी झाली. दुधात कुस्करून ताराबाईला दिली. तिनं घास तोंडात घोळवला, गिळला आणि म्हणाली, "शिंपीदादा, तुमची भाकर म्हंजी चामडं हाय. उज्ज्वले, भाईर काय बसलीस? ये, तूच थाप."

उज्ज्वला उठली, हात धुऊन आत आली. "एवढे दिवस चामडं खाल्लंस, माय. आधीच सांगायचं न्हाई व्हय?"

"गप बस. थाप."

सुग्रीव अजून उसातच आहे. म्हातारी रोज दोन्ही वेळा जेवते, हिच्या हातचं. संध्याकाळी मारुतीला दिवा लावायला जाते, उज्ज्वला हात धरून तिला देवळाच्या पायरीपर्यंत नेते आणि बाहेर थांबते. बंकट त्याच रस्त्यानं जातो. उज्ज्वला त्याला "जेवलास का, दादा?" असं विचारते, तेही मनापासून. मी मात्र तोंड फिरवतो.