काळे सरांचा फेटा

इंग्रजीच्या तासाला काळे सर दोन फेटे काखोटीला मारून यायचे. गुलमंडीजवळच्या आमच्या शाळेत ते पाच-सहा मुलांना फळ्यासमोर रांगेत उभं करत. एकेक मूल म्हणजे एकेक शब्द आणि सगळी रांग म्हणजे वाक्य. ज्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, त्याच्या डोक्याला फेटा. वाक्यातल्या पहिल्या शब्दाला तो ठरलेलाच. माणसाचं किंवा गावाचं नाव आलं की त्यालाही. मी एकदा 'अजिंठा' झालो होतो आणि दिवसभर त्याच तोऱ्यात हिंडलो. एरवी माझ्या वाट्याला 'बैल' नाहीतर 'बादली' असलं उघड्या डोक्याचं काहीतरी यायचं.

"फेटा मानाचा असतोय," सर बजावत. "नवरदेवाला बांधा, मामाला बांधा. समद्यांना बांधला तर नवरदेव कोणता, हे घोडीला तरी कळंल का?"

एकच शब्द त्यांना खुपायचा, तो म्हणजे इंग्रजीतला 'मी'. "हा गडी वाक्यात कुठंबी येऊ द्या, फेटा बांधूनच येतोय. अन् 'तू' बिचारा उघडा. लई गर्विष्ठ भाषा. पण पेपरात तसंच लिहा, नायतर मार्क जातील."

सरांची स्वतःची परीक्षा झाली ती त्यांच्या मुलीच्या, कल्पनाच्या लग्नात. नवरा मुलगा कंपनीत, म्हणून पत्रिका इंग्रजीत. व्याही चितेगावचे शेळके. सगळी पत्रिका कॅपिटलमध्ये छापा, भरून दिसते, असं त्यांचं म्हणणं. सर कसले ऐकतात. त्यांनी नावांची पहिली अक्षरं तेवढी मोठी ठेवली, बाकी सगळं बारीक. पत्रिका बघून शेळके जे फुगले ते फोनसुद्धा घेईनात. "आमच्या काका-मामाला बारीक काढलं. आमच्याकडं समदेच मोठे असतात," असा निरोप धाडून त्यांनी गुलमंडीतून गुलाबी फेट्यांचा गठ्ठाच उचलला.

लग्नाला गेलो तर कार्यालयाच्या दारातच माझ्या डोक्यावर गुलाबी फेटा बसला. बँडवाले, फोटोवाला, आचारी, गाड्या लावून घेणारा वॉचमन, सगळे गुलाबी. कल्पना मात्र रडकुंडीला आली होती. सासऱ्यांचा राग डोक्यावर घेऊन त्या घरात पाऊल टाकायचं तिच्या जिवावर आलं होतं. "बाबा, तुम्ही फक्त माफी मागा," तिनं गळ घातली. लेकीपुढे सरांचं व्याकरण काय टिकणार? व्याहीभेटीतच मागतो, म्हणाले.

चकाकतो म्हणून फोटोवाल्यानं नेमका सरांचा चष्मा काढायला लावला. हार घेऊन सर निघाले, समोरच्या मिशीवाल्या गुलाबी फेट्याला हार घातला आणि त्याला कडकडून मिठी मारली. "चुकलं माझं," ते म्हणाले. "तुमच्या माणसांना बारीक काढायला नको होतं. माझ्या लेकीवर राग धरू नका."

"नाय धरत, सर," तो माणूस म्हणाला. "पर सोडा आता. तिकडं भाजी लागंल खाली."

तो आचारी होता. खरे शेळके शेजारीच हातात हार धरून उभे. कल्पनानं डोळे मिटून घेतले. आणि मग शेळक्यांचं पोट आधी हललं, हसू मागून आलं. "सर, माफी तर म्या ऐकली," ते म्हणाले. "पर मिठी आचाऱ्यानं नेली की."

सरांनी चष्मा चढवला आणि त्या गुलाबी डोक्यांवरून एकदा नजर फिरवली. आता हे 'बघा, मी काय म्हणत होतो' म्हणणार आणि जुळत आलेलं मोडणार, अशी मला धास्ती. सरांनी स्वतःचा फेटा उतरवून काखेत धरला.

"पाव्हणं, इंग्रजीतला 'मी' फेटा काढत नाय," ते म्हणाले. "पण आपली भेट मराठीत हाय." आणि उघड्या डोक्यानं ते पुढं झाले.