व्हॅनचा स्टार्टर

आज हाटकेशच्या गॅरेजात मेकॅनिकने एका जुन्या गाडीचा स्टार्टर खोलला आणि आतल्या तारांच्या जळक्या वाइंडिंगचा वास आला. वीस वर्षांपूर्वी आमच्या व्हॅनलाही हाच वास यायचा. हेडलाइट लख्ख, पण चावी फिरवली की नुसतं 'टक्'. "बॅटरी ठीक आहे, स्टार्टर गेलाय, बदलून टाका," असं तेव्हाच्या मेकॅनिकने मला बजावलं होतं. मी मात्र उद्या बघू म्हणत महिनाभर गाडी उतारावर लावत राहिलो. सकाळी बाबा ढकलायचे, मी गिअर टाकायचो, की इंजिन लागायचं.

त्या दुपारी बाबांच्या छातीत कळ आली. उतारावर कुणाचा तरी टेम्पो होता, म्हणून व्हॅन सपाटीवर उभी होती. टक्. पुन्हा टक्. रस्त्यावर रिक्षा नाही, माणूस नाही.

बाबा दार उघडून उतरले. "बघतोस काय? रोज मीच ढकलतो ना? टाक गिअर!"

इंजिन लागलं तेव्हा मला केवढं हायसं वाटलं! मग आरशात बाबा रस्त्यावर बसलेले दिसले. हॉस्पिटलला पोहोचेपर्यंत ते गेले होते.

आईला सांगितलं, बॅटरी ऐनवेळी उतरली. बाबा उतरत होते आणि मी त्यांना अडवलं नाही, हे तिला अजून माहीत नाही.