फाईलची गाठ पक्षकारानेच सोडायची

आदरणीय अ‍ॅड. मुकुंदराव शिंत्रे सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्ताने निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांची विद्यार्थिनी म्हणून मला लिहायला मिळाले, हा मी माझा बहुमान समजते. सरांची आणि माझी पहिली भेट मात्र बहुमानाची नव्हती. ती झाली एका सर्टिफिकेटापायी.

मी तेव्हा नाशिकच्या एका लॉ कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होते. एखाद्या वकिलांकडे इंटर्नशिप करून तसे सर्टिफिकेट आणा, असे कॉलेजचे फर्मान निघाले. ज्यांचे काका-मामा वकिलीत होते त्यांची सर्टिफिकेटे घरबसल्या आली. माझे वडील अंबडच्या एका कारखान्यात फिटर. आमच्या खानदानात कोर्टाची पायरी कोणी चढले नव्हते, आणि कोणी चढू नये असेच आई देवाला सांगत असे. कोणीतरी नाव सुचवले म्हणून मी अशोकस्तंभाजवळच्या सरांच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले. सरांनी चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "सही पाहिजे की काम?"

मी घाबरून म्हणाले, "दोन्ही, सर."

"सही शेवटी. आधी बाहेर बाकावर बसा, वकीलबाई."

हा बाक म्हणजे ऑफिसाबाहेरचा लांब लाकडी बाक. पक्षकार तिथेच बसत. विद्यार्थ्याला आत खुर्ची नव्हती. त्याने पक्षकाराच्या शेजारी बसायचे, त्याचे ऐकायचे आणि मध्ये बोलायचे नाही. चहा सर स्वतः करून आणत, आणि विद्यार्थी लगबगीने उठला तर म्हणत, "चहा मला जमतो. तुम्ही ऐका, ते अजून जमत नाही तुम्हाला." आमच्यासारख्या पोरासोरांनाही सरांनी कधी अरे-तुरे केले नाही. सगळे वकीलसाहेब आणि वकीलबाई. सुरुवातीला ती थट्टा वाटे, आणि नंतर त्या हाकेची जबाबदारी वाटू लागे.

सरांकडे शिकलेल्या प्रत्येकाला त्यांचा एक नियम पाठ आहे. बाकीच्यांसाठी तो सांगते. पक्षकाराची फाईल पांढऱ्या नाडीने बांधून त्याच्याच मांडीवर ठेवायची. मग विद्यार्थ्याने, हातात कागद न घेता, त्या माणसाची हकीगत त्यालाच सांगायची. ऐकून तो म्हणाला, "हो, असंच झालं," तर त्याने आपल्या हाताने नाडीची गाठ सोडायची. तो नाही म्हणाला तर फाईल बंदच राहणार. पुन्हा ऐका, पुन्हा सांगा. कलमे त्यानंतर. कॉलेजात आम्ही मूट कोर्टात, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्यांत, टाळ्या घेत होतो. सरांच्या बाकावर आमची दातखीळ बसे.

माझ्या वाट्याला आल्या भागाबाई. मखमलाबादकडे त्यांचा मळा होता. झेंडू आणि शेवंती लावायच्या, आणि भल्या सकाळी स्वतः टोपली घेऊन फुलबाजारात बसायच्या. नवरा गेल्यावर मुलाने त्यांना घराबाहेर काढले आणि त्या सातपूरला लेकीकडे, सुमनताईंकडे, येऊन राहिल्या. मी त्यांचे ऐकले, घरी जाऊन पुस्तके उघडली आणि दुसऱ्या दिवशी ऐटीत सांगितले, "भागाबाई, तुमचा मुलगा तुमचा सांभाळ करत नाही. तुमच्या जेवणाखाणाची आबाळ होते. म्हणून तुम्हाला निर्वाहासाठी कोर्टात यावं लागलं."

भागाबाईंनी गाठीला हातही लावला नाही. "असं नाय झालं, ताई," त्या म्हणाल्या. "डबा येतो त्याचा. दोन्ही टायमाला येतो. मला डबा नको, मला माझी चूल पाहिजे. घर माझ्या मालकानं माझ्या नावावर केलेलं हाय. पोरानं माझ्याम्होरं कुलूप लावलं. मी दारातच उभी व्हते, तर म्हनला, आई, जरा सरक."

हे सगळे त्या आदल्या दिवशीही बोलल्या होत्या. मी कायद्यात बसेल तेवढेच ऐकले होते. सर आतून सारे ऐकत असणार. पुढच्या वेळी मी शेवंतीच्या वाफ्यापासून सुरुवात केली आणि "आई, जरा सरक" पर्यंत आले. भागाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, म्हणाल्या, "हां, असंच झालं," आणि गाठ सोडली. वकिली म्हणजे काय ते मला त्या बाकावर कळले. पुढच्या सगळ्या परीक्षांनी त्यात फारशी भर घातली नाही.

दावा दाखल झाला. तारखा पडत गेल्या, आणि दर तारखेला भागाबाई सरांच्या टेबलासाठी शेवंतीची फुले आणत. मळा मुलाच्या ताब्यात गेल्यावर त्या ती बाजारातून विकत घेत, हे आम्हाला फार उशिरा समजले. मी कॉलेज करून दुपारी कोर्टात जायची, सरांच्या मागे फाईल धरून उभी राहायची. वडिलांची दुसरी पाळी असली, मला न्यायला कोणी नसले, की सर माझे काम आधी उरकायचे, म्हणजे मी उजेडी घरी पोहोचेन. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, पोळीभाजीचा डबा हातात कोंबायच्या. हे मी कधी सरांना सांगितले नव्हते की आमच्या घरी काळजी करतात. त्यांनी ते ऐकले होते, एवढेच.

युक्तिवाद संपला, निकाल राखून ठेवला, आणि त्या मधल्या दिवसांत भागाबाई गेल्या. सातपूरला लेकीच्या एका खोलीच्या घरातच त्यांनी प्राण सोडला. निकाल त्यानंतर लागला. तो पूर्णपणे त्यांच्या बाजूने होता. कोर्टाच्या व्हरांड्यात लोक सरांचे अभिनंदन करत होते, आणि सर कोटाची बटणे लावत होते, काढत होते.

दुसऱ्या दिवशी ते मला सुमनताईंकडे घेऊन गेले. वाटेत म्हणाले, "निकाल पक्षकाराला सांगितल्याशिवाय आपलं काम संपत नाही."

"पण सर, कोणाला सांगायचं?"

"लेक आहे ना त्यांची. सांगा, वकीलबाई. पहिल्यापासून सांगा."

सुमनताईंनी बांधलेली फाईल मांडीवर घेतली. मी वाफ्यापासून सुरू केले. कुलूप सांगितले, तारखा सांगितल्या, फुले सांगितली, निकाल सांगितला. सुमनताई म्हणाल्या, "असंच झालं. फक्त एक राहिलं. शेवटी शेवटी ती दर थोड्या वेळानं विचारायची, चावी आली का गं?"

त्यांनी गाठ सोडली. सरांनी चष्मा काढून हातात धरला. परत येताना ते एकच वाक्य बोलले, "आपण जिंकलो असं कोणाला सांगू नका." सरांना मोठे वकील म्हणणारे पुष्कळ आहेत आणि ते खरेच आहे. मला मात्र सर आठवतात ते त्या वाक्यासकट.

आता जे लिहायचे आहे त्याला हात धजत नाही. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी सर काकूंना हाक मारायला गेले आणि हाक आलीच नाही. अर्धांगवायूचा झटका होता. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजते सगळे, अगदी पूर्वीसारखे. भेटायला येणारे मात्र त्यांना ऐकू येत नसल्यासारखे मोठ्याने बोलतात, "काय सर, लवकर बरे व्हा!" आणि पाठीवर थाप मारून चहा पिऊन जातात. मला त्या लोकांचा राग येतो. जन्मभर दुसऱ्याचे ऐकून घेतलेल्या माणसाला आता काय सांगायचे आहे, ते कोणी ऐकायला थांबत नाही. आणि खरे सांगायचे तर थांबूनही काही हाती लागत नाही, हे दुःख त्या रागाहून मोठे आहे.

या ग्रंथासाठी लेख मागताना संपादक मंडळातल्या माझ्या मित्राने बजावले होते, "हा गौरवग्रंथ आहे, शोकसभा नाही. आजारपण नको, रडगाणं नको." त्याचेही चुकले नव्हते. मीही शहाण्यासारखा लेख लिहिला, कागद फाईलमध्ये घालून नाडीने बांधले आणि सरांच्या घरी गेले. ज्यांची हकीगत त्यांना आधी सांगायची, हे त्यांनीच शिकवलेले. ऑफिस बंद झाल्यापासून तो बाक त्यांच्या घराच्या ओट्यावर आहे. सर त्यावर बसले होते. मी फाईल त्यांच्या मांडीवर ठेवली, शेजारी बसले आणि सांगू लागले: सरांची सचोटी, सरांचा चहा, सरांचा नियम. मग म्हणाले, "आणि भागाबाईंचा दावा आपण जिंकलो."

सरांनी डावा पंजा उचलून नाडीच्या गाठीवर ठेवला. दाबून ठेवला. काकू म्हणाल्या, "अहो, किती छान लिहिलंय पोरीनं!" पंजा हलला नाही. मी सरांकडे पाहिले, आणि भागाबाईंनी "असं नाय झालं" म्हटल्यावर बसले होते तशीच बसून राहिले.

घरी येऊन मी तो लेख बाजूला ठेवला आणि हा लिहिला. मित्राला फोन करून सांगितले की छापायचा तर हाच छापा. तोही त्याच बाकावर बसलेला. म्हणाला, "सरांनी गाठ सोडली तर छापू."

म्हणून हे शेवटचे मी मागाहून जोडते आहे. काल पुन्हा गेले. कागद न बघता सगळे सांगितले. सर्टिफिकेट सांगितले, "आई, जरा सरक" सांगितले, चावीचे सांगितले. न आलेली हाक सांगताना काकू उठून आत गेल्या. मी थांबले नाही. थांबले असते तर पुढे बोलता आले नसते. शेवटी म्हणाले, "सर, तुमचं बोलणं गेलं आणि आम्हाला फार वाईट वाटतं. आमच्यातल्या कोणीच हे तुमच्याजवळ बसून तुम्हाला सांगितलं नव्हतं."

सरांचे डोळे भरून आले. मग त्यांनी डाव्या हाताने नाडीचे टोक शोधले. बोटांत ते धरेना. सुटे, पुन्हा धरत. काकू बाहेर आल्या होत्या, त्या पुढे होऊन म्हणाल्या, "थांबा, मी सोडते." सरांनी कोपराने त्यांचा हात बाजूला केला. गाठ मी नेहमीसारखी घट्ट बांधली होती, त्याचे मला फार वाईट वाटले. पण सर सोडवत राहिले, आणि ती सुटली.

सर, पंचाहत्तरीला शतायुषी व्हा म्हणण्याची रीत आहे. आयुष्य आपल्याला भरपूर लाभो, ही इच्छा आहेच. पण मी देवाकडे त्याहून साधे मागते आहे: त्या डाव्या हातातले बळ टिकू दे. माझ्याकडे हल्ली लॉ कॉलेजची एक मुलगी येते. तिला सर्टिफिकेट हवे आहे. मी तिला म्हणाले आहे की सही शेवटी. येत्या शनिवारी ती एका पक्षकाराला घेऊन आपल्याकडे येईल. तिला बाकावर थोडी जागा द्यावी.