दोन इंचांचा नियम

गुडघ्यांनी दगा दिला तसं सुतारमामांनी दुकान आवरलं. बायको चार वर्षांपूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं, दिवस खायला उठायचा. त्याच सुमारास गल्लीच्या तोंडचं जुनं घर पाडलं आणि त्याचा नक्षीदार दरवाजा मजुरांनी फोडून शेकोटीत घातला. मामांनी तो जळताना पाहिला. पुढच्याच रविवारी ते वाचनालयाच्या माडीवर, जुनी गल्ली जपणाऱ्या मंडळाच्या बैठकीला जाऊन बसले.

मंडळ म्हणजे अकरा माणसं आणि एक डुगडुगतं टेबल. मामांनी आधी टेबलाचा पाय ठोकला, मग काम मागितलं. अध्यक्ष होत्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांनी गल्लीतल्या दारांची नोंद करायला सांगितली. तीन महिन्यांत मामांनी एकसष्ट दारं पाहिली: लाकूड कोणतं, बिजागरी कसली, कीड कुठे. लोक आत बोलवून चहा देऊ लागले. मामा पुन्हा रोज दाढी करू लागले.

रस्त्याकडच्या चौकटीला कुणी हात लावायचा नाही, हा नियम त्यांनीच सुचवला आणि मंडळाने तो मान्य केला. मंडळातल्याच औषधवाल्याला दुकानाचं दार रुंद करायचं होतं. त्याला त्यांनी तोंडावर नकार दिला.

महिनाभरातच दादांना अर्धांगवायू झाला.

दादा मामांचे थोरले भाऊ, चार घरं सोडून राहायचे. वडील गेल्यावर मामांना रंधा धरायला त्यांनीच शिकवलं होतं. इस्पितळातून ते चाकांच्या खुर्चीवर घरी आले, ती खुर्ची दारातच अडली. चौकट तेवीस इंच, खुर्ची पंचवीस. शेजाऱ्यांनी दादांना उचलून आत नेलं. वहिनींनी मंडळाकडे अर्ज केला.

बाईंनी तो वाचून दाखवला. "यावर तुम्हीच बोला, मामा. आम्हाला यातलं काय कळतंय?"

औषधवाला समोर हाताची घडी घालून बसला होता. घरच्यासाठी नियम वाकवला असं कुणी म्हणू नये, एवढंच त्या क्षणी मामांच्या डोक्यात होतं.

"वरची भिंत त्या चौकटीवर तोललेली आहे," ते म्हणाले. "काढली तर पुन्हा तशी बसायची नाही."

खोटं नव्हतं. पण टेकू लावून भिंत धरता येते, हे त्या माडीवर एकट्या मामांना ठाऊक होतं.

अर्ज नामंजूर झाला. संध्याकाळी वहिनींनी विचारलं, "भाऊजी, खरंच होत नाही का हो?"

"अवघड आहे, वहिनी."

"अवघड आहे, की होत नाही?"

मामा पायात चपला सरकवू लागले. पलंगावरून दादा जड जिभेने काहीतरी बोलले. ते काय होतं ते वहिनींनी सांगितलं नाही आणि मामांनीही विचारलं नाही.

पुढे दादांना बाहेर न्यायचं म्हणजे चार माणसं गोळा करावी लागत. एकदा चौकटीवर त्यांचा कोपर सोलवटला. त्यानंतर त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. मामा आधी रोज जायचे, मग आठवड्याने, मग बैठकीचं निमित्त सांगून टाळू लागले. आठ महिन्यांनी दादांची मुलगी आली आणि आईवडिलांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, लिफ्टच्या इमारतीत घेऊन गेली. घराला कुलूप लागलं.

त्याच्या पुढच्या बैठकीत मामा उठून उभे राहिले. आजारी माणसासाठी दार रुंद करायला परवानगी असावी, टेकू कसा लावायचा ते आपण दाखवू, असं त्यांनी सांगितलं. पाच मिनिटांत सगळ्यांचे हात वर झाले.

जिना उतरताना औषधवाला म्हणाला, "दादांच्या वेळीही माझी हरकत नव्हती, मामा. मला वाटलं, तुम्हालाच नको आहे."

घरी येऊन मामांनी वहिनींना फोन लावला. नियम बदलला, म्हणाले. पंधरा दिवसांत दार करून देतो, स्वतः उभा राहून.

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"बरं झालं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला उपयोग होईल." मग म्हणाल्या, यांची जेवायची वेळ झाली आहे, आणि फोन ठेवला.