वैद्याची पाटी

माझी वहिनी बनुबाई एका जागी बसली आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर कधी येतच नाही. भाकरी थापता थापता ती दोनदा दारात जाऊन यायची, जेवायला बसली की निम्म्यात उठायची. नाथाजीदादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणायचा, "हिच्या पायाला भिंगरी बांधूनच धाडली हिच्या बानं." वहिनी हसायची आणि हसता हसता पुन्हा उठायची.

लढाईच्या दिवसांत दादाला माधवनगरच्या मिलमध्ये काम लागलं. पाठोपाठ मीही लागलो. आमचं गाव विट्याच्या अलीकडं, इंग्रजी अमलातलं. माधवनगर संस्थानातलं. अंतर म्हणाल तर मोटारीनं निम्मा दिवससुद्धा नाही, पण मधे हद्द होती, हद्दीवर नाका होता आणि नाक्यावर मिशीला पीळ देणारा शिपाई होता. वहिनीच्या लेखी आम्ही परमुलखात आलो होतो. चाळीतल्या बायकांना ती पहिले कित्येक दिवस "तुमच्या राज्यात असं करत्यात व्हय?" असं विचारायची.

मिलचं एक चांगलं होतं. पगारातून थोडं कापायचे आणि त्यावर मिलचा डॉक्टर कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना बघायचा. आजारी पडा न पडा, कापायचं ते कापायचेच. हे ऐकून वहिनीचे हात पिठातच थांबले.

"म्हंजे आपल्या वैद्याच्या पाटीवानीच की हे!"

गावाकडं नारायणकाका वैद्य होते. सुगी झाली की गावातलं प्रत्येक घर त्यांच्याकडं जोंधळ्याची एक पाटी पोचवायचं. मग वर्षभर कुणाचंही पोट दुखो, कुणाला विंचू चावो, काका काठी टेकत यायचे आणि वर काही घ्यायचे नाहीत. ज्या घराची पाटी, त्या घराचे ते वैद्य. वैद्य सोडायचा झाला तर त्यालाही आमच्या गावात रीत होती. त्याच्या उंबऱ्यावर नारळ ठेवायचा आणि त्यानं तो आपल्या हातानं उचलायचा. मग घर सुटलं. न सुटता दुसऱ्याचं औषध घेतलं तर ते अंगी लागत नाही, असं आमच्याकडची माणसं मानायची. मी मानत नव्हतो, पण मला तेव्हा विचारतो कोण?

"एका घराला दोन वैद्य कसं चालतील?" वहिनीचा घोर सुरू झाला.

"मग जुना सोड," दादा म्हणाला. त्याला कामावर जायची घाई होती.

"सोड म्हंजे? नारळ ठेवायला गावी कोण जाणार? आन् का म्हणून सोडायचा? इजा दोन महिन्यांची हुती तवा काकांनीच वाचवली की तिला!"

इजा म्हणजे विजयमाला, त्यांची एकुलती लेक. तिच्या आधीचं मूल राहिलं नव्हतं. म्हणून इजा नुसती शिंकली तरी वहिनीचा जीव खालीवर व्हायचा.

शेवटी तिनं आपल्या मनानं तोड काढली. डॉक्टरही असू दे आणि वैद्याची पाटीही जाऊ दे. सुगीत तिनं जोंधळ्याची पाटी भरली आणि माझ्या डोक्यावर दिली. नाक्यावर शिपायानं अडवलं. लढाईमुळं धान्यावर नियंत्रण होतं, दाणासुद्धा हद्दीबाहेर जाणार नाही म्हणाला. मी हात जोडले, वाद घातला, शेवटी शिव्या खाल्ल्या आणि भर उन्हात तीच पाटी घेऊन परत आलो. मान अवघडली होती, डोकं तापलं होतं. वाटलं, वहिनी निदान पाणी तरी विचारील.

ती पाटीकडंच बघत राहिली. "भावजी, धान काकांकडं पोचलं न्हाई. आन् डॉक्टरचं औषध तर आपल्याला लागायचं न्हाई. म्हंजे आता आपून कुणाचंच न्हाई."

"आवं वैनी, डॉक्टरचं पैसं कापत्यात की दर महिन्याला!"

"कापू द्या. सुटल्याबिगर काय उपेग?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

भाद्रपदात इजाला हिवताप आला. दात वाजवत थंडी, मग अंग तापून लाल. दादानं मिलच्या डॉक्टरला आणलं. डॉक्टर तरुण, शहरातला, बोलायला तुटक, पण माणूस वाईट नव्हता. त्यानं कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, औषधाची बाटली दिली. तिच्या अंगावर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली होती. म्हणाला, "जपून वापरा. लढाईमुळं हे मिळेनासं झालंय."

ताप हटेना. पोरगी चिपाडासारखी झाली. आम्ही दोघं भाऊ कामावरून आलो की डॉक्टरच्या नावानं खडे फोडायचो. वहिनीच्या नुसत्या घरात-दारात खेपा चालू होत्या.

डॉक्टर पुन्हा आला. पोरीचे डोळे ओढून पाहिले, पोट चाचपलं. "एवढ्या कोयनेलला हा ताप दाद देत नाही म्हणजे काय? बाटली दाखवा पाहू."

वहिनीनं देव्हाऱ्यातून बाटली आणली. गळ्यापर्यंत भरलेली. औषध एका खुणेनंही खाली उतरलं नव्हतं.

डॉक्टर लालबुंद झाला. "पोरीला मारायचंय का तुम्हाला? हे आज पोटात गेलं नाही तर उद्या मला बोलावू नका!" आणि तो तरातरा निघून गेला.

दादा माझ्या देखत बायकोवर इतका कधी ओरडला नव्हता. त्यानं इजाला मांडीवर दाबून धरलं आणि औषध तोंडात ओतलं. ते कडूजहर पाणी पोरीनं लगेच ओकून टाकलं. दुसऱ्यांदा दिलं, तेही ओकली.

"बघा," वहिनी म्हणाली, "लागतंय का? मी सांगत हुते."

तिनं पोरीला घोंगडीत गुंडाळलं, एक नारळ घेतला, बाटली कमरेला खोचली आणि ती चालू लागली. दादानं दार अडवलं, ती त्याच्या हाताखालून गेली. "तू जा हिच्यासंगं," दादा मला म्हणाला.

पेट्रोलच्या टंचाईमुळं कोळशावर चालणारी मोटार, ती चढाला थांबायची, ड्रायव्हर उतरून भट्टी ढवळायचा. प्रत्येक वेळी वहिनी उठून उभी राहायची. पोरीचं अंग माझ्या हाताला भाजत होतं. मला वहिनीचा भयंकर राग आला होता. पोरगी वाटेत गेली तर दादाला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात घोळत होतं. नाक्यावर त्याच शिपायानं धान्य आहे का म्हणून घोंगडी चाचपली. पोरगी, नारळ आणि बाटली बघून त्यानं सोडलं.

नारायणकाका ओट्यावर होते. वहिनीनं पोरगी त्यांच्यापुढं ठेवली, नारळ उंबऱ्यावर ठेवला आणि खाली मान घालून म्हणाली, "काका, पाटी पोचली न्हाई. नाक्यावरनं परत आली. आमाला सोडा."

काकांनी नारळाकडं पाहिलंच नाही. त्यांनी इजाची नाडी धरली. "काय औषध चाललंय?"

वहिनीनं बाटली पुढं केली. काकांनी बूच काढून वास घेतला. "कोयनेल! कुणी दिलं?"

"मिलच्या डॉक्टरनं. पर तुमी सोडल्याबिगर..."

"अगं वेडे, मी महिनाभर हे शोधतोय. विट्यातसुद्धा मिळत नाही. तो पोरगा तुला देतोय आणि तू ते देवापुढं ठेवलंस?"

ते आत जाऊन गूळ घेऊन आले. आधी गुळाचा खडा पोरीच्या जिभेवर ठेवला, मग पट्टीवरच्या खुणेइतकं औषध आपल्या हातानं तिच्या तोंडात सोडलं, वर पुन्हा गूळ. पाठीवरून हात फिरवत राहिले. इजानं तोंड वाकडं केलं, उमळून आल्यासारखं केलं आणि गिळलं. औषध पोटात राहिलं.

मग काकांनी वाकून उंबऱ्यावरचा नारळ उचलला. "सुटलीस. आता बाटली संपेपर्यंत तू तुझ्या हातानं दे. लागेल."

वहिनी ओक्साबोक्शी रडली. "मला वाटलं पाटीसाठनं तुमी रागावला असाल."

"रागावतो कशाला? पाटी आली नाही तेव्हा मला एकच काळजी लागली, त्या घरात कुणी पडलंय की काय."

इजाचा ताप बाटली संपायच्या आतच गेला. मिलचा डॉक्टर तिला बघून हसला आणि वहिनीनं दिलेला नारळाचा तुकडा त्यानं काही न विचारता खाल्ला. तो काकांनी फोडून दिलेल्या नारळातला होता, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

पुढं संस्थानं गेली, नाकाही उठला. त्या सुगीत वहिनीनं पाटी भरली. या खेपेला माझ्या डोक्यावर नाही, इजाच्या. पोरगी आता चांगली दणकट झाली होती. काकांची दृष्टी गेली होती. पाटी टेकल्याचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "कोण? कोण आजारी आहे?"

"मी बनू, काका. कुणी आजारी न्हाई."

"मग पाटी कशाला? तू तर सुटलीस की."

"कुणी आजारी न्हाई, म्हणूनच आणली."

काकांनी हात पुढं केला. इजानं आपलं मनगट त्यांच्या हातात दिलं. सवयीनं त्यांनी नाडी पाहिली आणि पाहून झाली तरी हात सोडला नाही. वहिनी त्यांच्याशेजारी ओट्यावर टेकली. परतीच्या मोटारीची वेळ झाली, मी दोनदा हाक मारली, तरी ती उठली नाही.